‘आता गुरगुरत नाही’

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. ज्यांना मी बंड्या हा कुत्रा दिला होता, त्यांच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे फिरलं आणि फिरत फिरत माझ्या भाचीपर्यंत पोचलं, ते अर्धंच खरं आहे. बंड्या त्यांना चावला, हे खरं. उजवा हात, मनगटाच्या वर, दोन दात चांगले खोल. पण ‘मॅडमनी पिसाळलेला कुत्रा आमच्या गळ्यात मारला’ हे धादांत खोटं. पिसाळलेला कुत्रा चावल्यावर दहा दिवससुद्धा काढत नाही, म्हणून तर डॉक्टर दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवा म्हणतात. बंड्या चावला त्याला आता पाच महिने होतील, आणि परवाच त्याने माझ्यासमोर सव्वा भाकरी खाल्ली.

बंड्या वाघोलीच्या बाजूला एका खडी क्रशरवर बांधलेला होता. बाप कोणीतरी जर्मन शेफर्ड, आई गावातली. साखळी चार फुटांची. क्रशर बंद पडला, माणसं गेली, कुत्रा साखळीसकट राहिला. मग तो आमच्याकडे कसा आला, नसबंदी, लसी, कोणाचं किती बिल झालं, हे सगळं सांगत बसत नाही. एकच सांगते, कारण ते पुढे उपयोगी पडेल. आमच्या डॉक्टरांनी त्याला गुंगी देऊन तोंड उघडलं, तेव्हा साखळी चावून चावून एक सुळा उभा चिरलेला निघाला. तो काढल्यावर निम्मा राग गेला. कुत्रा ‘डेंजर’ आहे असं कोणी सांगितलं की पहिल्यांदा दात, कान आणि कंबर बघून घ्या. दुखणाऱ्या कुत्र्याला शिस्त लावणाऱ्यांना काय म्हणावं ते मला छापता येणार नाही.

सात महिने तो माझ्याकडे होता. मी काय केलं विचाराल तर, फारसं काहीच नाही. पहिले दहा दिवस मागच्या अंगणात त्याच्याकडे पाठ करून मी भाजी निवडत बसायची. पालक, मेथी, मटार. बारा फुटांवरून. मग दहा. मग आठ. नजरेला नजर द्यायची नाही, वरून वाकायचं नाही, समोरून सरळ चालत जायचं नाही. टुरिड रुगास म्हणून नॉर्वेच्या एक बाई आहेत. कुत्री एकमेकांना शांत करायला जांभई देतात, ओठ चाटतात, तोंड वळवतात, हे त्यांनी नीट मांडून ठेवलंय. मीही जांभया द्यायची. घरच्यांना वाटलं मला ॲनिमिया झालाय.

खरी गाठ दोन ठिकाणी होती. एक ताटली, दुसरं गळा. गळ्याकडे हात गेला की तो आधी थिजायचा, मग घशातून गुरगुरायचा. क्रशरवर पट्ट्याला धरूनच त्याला मारत असणार. हा माझा अंदाज, मी काही पाहिलेलं नाही. म्हणून मी पट्टा धरलाच नाही. अंगावर हार्नेस आणि त्याला मागे लोळणारी हलकी दोरी, धरायचीच वेळ आली तर ती धरायची. आणि रोज दहा-वीस वेळा: हात गळ्याच्या दिशेने चार बोटं, लगेच चिकनचा तुकडा, हात मागे. तीन महिन्यांनी माझी बोटं पट्ट्याला लागली. ताटलीचंही तसंच. तो गुरगुरला की मी मागे सरकायची, आणि दुसऱ्या वेळी जाता जाता लांबूनच उकडलेल्या अंड्याचा तुकडा ताटलीत टाकायची. बाई जवळ आली की ताटलीतलं कमी होत नाही, वाढतं, एवढंच त्याला कळायला हवं होतं. शेजारच्या काकू म्हणायच्या, ‘डोक्यावर बसवतेयस त्याला.’ अहो, गुरगुरणं म्हणजे उद्धटपणा नाही. दात असताना ते न वापरता ‘मागे सरक’ म्हणून सांगणं, ही त्याची सभ्यता आहे. माणसांत तरी एवढी कुठे दिसते?

तर अशा कुत्र्यासाठी दोन घरं आली होती.

एक, उरुळी कांचनजवळ रोपांची नर्सरी असलेला एक माणूस. दोन खोल्या, वर पत्रा, कंपाउंड नाही, नुसती तारेची जाळी. तो आला आणि अंगणात उकिडवा बसला, बंड्याकडे न बघता. त्याने मला विचारलं, रात्री कुठं झोपतो? पत्र्यावरच्या पावसाला भितो का? चप्पल हातात घेतली तर काय करतो? मी मनात म्हटलं, पत्र्याच्या खोलीत कुठे द्यायचा याला. त्याला ‘कळवते’ म्हणाले आणि कळवलं नाही.

दुसरं घर बंगला. संक्रांतीच्या आसपास मी बघायला गेले. लॉन, मोठी भिंत, आत फाटक, बाहेर फाटक, तिळाच्या वड्या. गृहस्थ म्हणाले, ‘आमच्या वाड्यावर चार-चार कुत्री असायची, मॅडम. मला कुत्र्यांचं सांगू नका.’ त्यांनी खरोखरच मला एकही प्रश्न विचारला नाही. फक्त जाताना, ‘तो त्या बंदीच्या यादीतला नाही ना?’ म्हणजे केंद्राने मार्च 2024 मध्ये तेवीस जातींचं जे पत्रक काढलं होतं आणि पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द केलं, ते. नाही म्हटलं. मला त्या बंगल्याची भुरळ पडली, हे लिहायला लाज वाटते पण लिहिते. कुत्र्याला घर शोधताना मी मुलीला स्थळ शोधल्यासारखी भिंती आणि फरशा बघत बसले. प्रश्न मोजा. जो माणूस कुत्र्याबद्दल पाच प्रश्न विचारत नाही, त्याला कुत्रा देऊ नका, मग तो कितीही एकरांत राहात असो.

मीही चुकीचं विचारलं. ‘घरात लहान मूल आहे का?’ ‘नाही.’ खरंच नव्हतं. घरात येतं कोण, हे विचारायला हवं होतं. सुट्टीत, सणाला, शनिवार-रविवारी. त्यांची बंगळुरूची मुलगी आणि तिचा तीन वर्षांचा मुलगा, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून मी घरमालकाला विचारतच नाही, कामाच्या मावशींना विचारते. त्यांना सगळं माहीत असतं, आणि कुत्र्याला पाणी शेवटी त्याच देणार असतात.

बंड्याला तिथे पाठवताना चार पानं लिहून दिली होती मी. स्वतःच्या हाताने. पट्ट्याला हात लावायचा नाही, जेवताना जवळ जायचं नाही, पहिले दोन आठवडे पाहुणे नकोत. तीन दिवस बुजणं, तीन आठवडे अंदाज घेणं, तीन महिन्यांनी घर आपलं वाटणं, असा एक ढोबळ हिशेब आमच्यात धरतात, तोही लिहिला होता. ‘वाचलं हो मॅडम,’ म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडे भिशी होती.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. तिसऱ्या आठवड्यातल्या रविवारी मी फोन केला. कुकर लावलेला, फोन मान वाकडी करून खांद्यात धरलेला. ते खुशीत होते. ‘ट्रेनर लावलाय. पंधरा दिवसांत सरळ केला. आता गुरगुरत नाही बरं का!’ आणि मी म्हणाले, ‘अरे वा, छान.’

‘छान’ म्हणाले मी. तीस वर्षं कुत्र्यांना घरं शोधून देणारी बाई. शिट्टी झाली, गॅस बारीक केला, फोन ठेवला. रात्री अंथरुणावर पडल्यावर ते वाक्य परत आलं. गुरगुरत नाही म्हणजे? माझ्याकडे सात महिन्यांत कमी झालं होतं, बंद झालं नव्हतं, आणि मला बंद करायचंही नव्हतं. म्हटलं सकाळी फोन करू. सकाळी दुसरंच काहीतरी निघालं. नाही केला फोन.

ट्रेनरचं शास्त्र असं की कुत्रा म्हणजे लांडगा, लांडग्यांत एक आल्फा असतो, तो तुम्ही व्हायचं आणि चोक चेनने त्याला ते दाखवून द्यायचं. हे सगळं जिथून आलं ती गंमत ऐका. 1947 मध्ये रुडॉल्फ शेंकेल या माणसाने बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेले लांडगे बघून त्यांच्या मारामाऱ्या लिहिल्या. डेव्हिड मीच या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1970 च्या आपल्या पुस्तकात आल्फाची कल्पना घेतली आणि ती जगभर झाली. पुढे याच मीचने रानातले लांडगे वर्षानुवर्षं बघितले आणि 1999 मध्ये लिहिलं की कळप म्हणजे बहुतेकदा आई, बाप आणि त्यांची पोरं, आल्फा-बिल्फा म्हणण्यात अर्थ नाही. तो स्वतःचं ते पुस्तक छापणं थांबवा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागला. शास्त्रज्ञाने शब्द मागे घेतला, पण महिन्याला अमुक हजार घेणाऱ्या आमच्या ट्रेनरपर्यंत काही तो निरोप आलेला नाही.

चावण्याची हकीकत त्यांच्याच तोंडची. नातवाचं बिस्कीट ताटलीजवळ पडलं, नातू वाकला, यांनी बंड्याला मागे ओढायला पट्ट्यात हात घातला. ताटली आणि गळा, दोन्ही एकाच वेळी. पोराला त्याने स्पर्शही केला नाही. ‘काही इशारा न देता चावला,’ असं ते सगळ्यांना सांगतात. इशाऱ्यावर पंधरा दिवस झटके कोणी दिले होते?

त्याच रात्री साडेनऊला त्यांची गाडी आली. ते उतरलेच नाहीत, इंजिनही बंद केलं नाही. ड्रायव्हरने बंड्याला माझ्या फाटकाला बांधला, शेजारी खाद्याची उरलेली पिशवी ठेवली. नंतर वजन केलं, सहा किलो. मी काचेवर टकटक केल्यावर काच चार बोटं खाली आली. मी पहिलं विचारलं, ‘जखम धुतलीत का? साबणाने, वाहत्या पाण्याखाली, पंधरा मिनिटं?’ ‘डेटॉल लावलं,’ म्हणाले. लसी घेतलेला कुत्रा असला तरी धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं, हे सांगेपर्यंत काच वर गेली होती. जनावर उपाशीतापाशी सोडून देणं 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे. पण इथे सहा किलो खाद्य होतं, म्हणजे माझी तेवढीही सोय ठेवली नाही.

आत आणून चेन काढली. गळ्याभोवती बोटभर रुंदीचे केस गेलेले, खाली कातडी ओलसर. दूध-भाकरी कुस्करून ठेवली. तो खायला लागला, आणि मी मुद्दाम, हळू, हात ताटलीकडे नेला. त्याचं चावणं थांबलं. मान तशीच खाली, डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरी कड दिसायला लागली, शेपूट लाकडासारखं. मी वाट बघत होते. ट्यूबलाइटची गुणगुण ऐकू येत होती, एवढी शांतता. बाकी आवाज नाही. सात महिन्यांत मी ज्या आवाजाच्या भरवशावर त्याच्याजवळ बसत होते, तो आवाजच नव्हता. हात मागे घेतला आणि मग मला कापरं भरलं. त्याच्या रागाला नाही भ्यायले. एक जिवंत घंटा होती, ती काढून घेऊन त्यांनी मला नुसते दात परत पाठवले होते.

तेव्हापासून जे करते ते सांगते, जमेल त्याने घ्यावं. कुत्रा द्यायच्या आधी नव्या माणसाने माझ्याकडे निदान चार वेळा यायचं, आणि एकदा तरी पावसात. कागद द्यायचा नाही, समोर करून घ्यायचं. महिनाभर फोन नाही, स्वतः जायचं, न सांगता. मुसकं शिकवूनच पाठवायचं. ते जाळीचं हवं, आत तोंड उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत, आणि शिकवताना आतून दही लावायचं. कापडी पट्टीचं उन्हाळ्यात जीव घेईल. ‘आता अमुक करत नाही’ असं कोणी कौतुकाने सांगितलं, तर कुकर बंद करा आणि विचारा, ‘मग त्याऐवजी काय करतो?’ बाकी संयम, माया, नियमित व्यायाम वगैरे सगळे सांगतातच. आणि ज्यांना आज्ञाधारक काहीतरी हवं आहे त्यांनी मिक्सर घ्यावा.

बंड्याला पुन्हा पहिल्यापासून. भाजी, पाठ, बारा फूट. अडीच महिन्यांनी मी नर्सरीवाल्याला फोन लावला. ‘कळवते’ म्हणून न कळवल्याबद्दल तो काही बोलला नाही. चार वेळा आला, दर वेळी एस.टी.ने. पत्र्यावरच्या पावसाचं म्हणाल, तर क्रशरवर वाढलेल्या कुत्र्याला त्याचं काय!

परवा न सांगता गेले. जास्वंदीच्या पिशव्यांच्या रांगेत तो ताटलीत तोंड घालून उभा होता. गळ्यावरचे केस परत आलेत, तेवढा पट्टा जरा गडद दिसतो. मला बघून शेपूट दोनदा हललं. जवळून बघावं म्हणून मी आणखी दोन पावलं पुढे गेले, आणि घशातून, अगदी बारीक, मोटार लांबून यावी तसा आवाज आला. मी तिथेच थांबले. बायकोला रोपं मोजून देता देता नर्सरीवाला न वळताच म्हणाला, ‘मॅडम, मागं व्हा जरा. जेवतोय त्यो.’