तपासण्या निर्दोष, वेदना खरी : फायब्रोमायाल्जिया आणि औषधांचे तारतम्य

"सगळे रिपोर्ट चांगले आले, मग हिला दुखते तरी काय?" हा प्रश्न आमच्या बाह्यरुग्ण विभागात वारंवार ऐकू येतो. विचारणारा बहुधा पती किंवा मुलगा असतो. ज्यांना दुखते त्या बाई खाली मान घालून बसलेल्या असतात. मान, खांदे, पाठ, मांड्या असे सारे अंग महिनोन् महिने ठणकते, रात्रभर झोपूनही शीण जात नाही, फडताळ उघडल्यावर काय घ्यायचे होते तेच आठवत नाही. हातातील जाड फाइलमधून मात्र काहीच निष्पन्न झालेले नसते.

फायब्रोमायाल्जिया सिद्ध करणारी रक्ततपासणी नाही. थायरॉइडचा विकार, ड जीवनसत्त्वाची कमतरता, संधिवात यांची शहानिशा करण्यापुरत्याच तपासण्या लागतात. १९९० च्या निकषांनुसार शरीरावरील १८ ठरावीक जागांपैकी ११ जागा दाबल्यावर दुखणे आवश्यक मानले जाई. २०१० पासून वेदनेचा विस्तार, थकवा, झोप आणि स्मरण यांच्या विचारपूशीवर भर आला. स्नायू वा सांधे झिजलेले नसतात. मज्जारज्जू आणि मेंदू वेदनेचे संदेश वाढवून ग्रहण करतात. म्हणूनच हे सोंग नव्हे, आणि मनाचे खेळही नव्हेत.

औषधांचा प्रश्न येथून नाजूक होतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या मुख्यतः दाह शमवितात; येथे तसा दाहच नसल्याने त्यांचा उपयोग होत नाही आणि वर्षानुवर्षे घेतल्यास जठर व मूत्रपिंडे यांना अपाय संभवतो. स्टेरॉइडला या आजारात स्थान नाही. बिनलेबलाच्या पुड्यांनी 'जादूसारखा गुण' येतो तेव्हा पुष्कळदा त्यांत तेच मिसळलेले असते. अफूवर्गीय तीव्र वेदनाशामकेही आम्ही देत नाही.

उरतात ती रात्री अल्प मात्रेत द्यावयाचे अ‍ॅमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन आणि प्रिगॅबालिन. यांतील शेवटच्या दोहोंना अमेरिकेत या आजारासाठी अनुक्रमे २००८ व २००७ साली मान्यता मिळाली. त्यांच्याकडून अपेक्षा मात्र बेताचीच ठेवावी. प्रिगॅबालिन दहा जणांना दिले, तर वेदना निम्म्यावर येणाऱ्यांची संख्या औषधविरहित गोळीच्या तुलनेत सुमारे एकाने वाढते. उलट बाजूस गुंगी, चक्कर, वजनवाढ, पायांवर सूज. पहाटेची बस गाठणाऱ्या किंवा शिलाई यंत्रावर बसणाऱ्या स्त्रीस ही गुंगी परवडेल काय, हे तिच्यावाचून कोण सांगणार?

म्हणून एका वेळी एकच औषध, लहान मात्रेत, आणि आरंभीच एक प्रश्न : गुण आल्यास आपणांस काय करता यावयास हवे? कोणी म्हणते, नातवाला कडेवर घ्यायचे आहे. कोणी म्हणते, गिरणीपर्यंत चालत जायचे आहे. ते उत्तर आणि फेरविचाराची तारीख आम्ही केसपेपरवर लिहितो. ठरल्या मुदतीत ते साधले नाही, तर औषध हळूहळू कमी करून थांबवितो.

येथे कुटुंबीयांना एक विनंती. औषधाच्या दुकानात "ही तर डिप्रेशनची गोळी" असे कोणी सांगते आणि त्याच संध्याकाळी पाकीट केरात जाते. ही औषधे नैराश्यावर वापरतात हे खरे. परंतु मेंदूकडे जाणाऱ्या वेदनासंदेशांना आवर घालण्याचे कामही तीच रसायने करतात. घेणे नको असेल तर तसे मोकळेपणाने सांगावे. चालू गोळ्या एकाएकी मात्र सोडू नयेत. चक्कर, मळमळ, बेचैनी यांचा त्रास होतो.

युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सर्व उपचारांचा आढावा घेतला, तेव्हा ठाम शिफारस केवळ व्यायामाची केली. आमच्याकडे आरंभ दहा मिनिटांच्या चालण्याने होतो. पहिले काही दिवस दुखणे वाढते, आणि नेमके तेव्हाच बहुतेकजणी सोडून देतात. दुसरी चूक बऱ्या दिवसाची : उत्साहाच्या भरात पापडांचा सारा घाट एका दुपारी उरकायचा आणि पुढचे तीन दिवस अंथरूण धरायचे.

या रुग्णांसाठी कोणते यंत्र द्यावे, असे दानशूर हितचिंतक आम्हांस आपुलकीने विचारतात. यासाठी यंत्र लागत नाही. भौतिकोपचारतज्ज्ञाचा प्रत्येकीमागे अर्धा तास लागतो, आणि त्या वेळेचे वेतन. देणगीच्या पावतीवर त्याचे नाव चमकत नाही, हे आम्ही जाणतो.

रुग्णांनी पुढील भेटीस येताना गोळ्यांची पाकिटे आणि चालण्याची वही अशी दोन्ही सोबत आणावीत. घरातील एक माणूस बरोबर असल्यास अधिक बरे.