युद्धाची घाई आणि जनतेचा पैसा

युद्ध सुरू झाले की दोन गोष्टी एकदम वाढतात : देशप्रेम आणि सरकारी खर्च. पहिल्या गोष्टीवर आपण वक्तृत्व स्पर्धा घेतो. दुसरीविषयी बोलणे मात्र अप्रशस्त मानले जाते. "सीमेवर जवान लढत असताना हिशेब कसले विचारता?" असा प्रश्न आमच्या वर्गातील एका चर्चेत एका मित्राने केला. त्याला उत्तर द्यावे म्हणून जे वाचले, ते प्रस्तुत लेखात मांडत आहे.

शांततेच्या काळात सरकारी खरेदीची एक रीत असते. निविदा मागवायच्या, दर ताडून पाहायचे, पुरवठादाराची ऐपत तपासायची, आलेला माल नमुन्याबरहुकूम आहे की नाही ते पाहायचे आणि मगच पैसे चुकते करायचे. ही रीत वेळखाऊ आहे हे खरे. पण तिच्या प्रत्येक पायरीवर एक पहारेकरी उभा असतो. युद्धात घाईचे कारण सांगून हे पहारेकरी एकेक करून दूर केले जातात. चोर आणि उधळ्या हे दोघेही त्याच वाटेने आत शिरतात.

दुसऱ्या महायुद्धाचे उदाहरण घेऊ. इंग्रज सरकारने हिंदुस्थानातून सैन्यासाठी अफाट खरेदी केली आणि ठेकेदारांचे दिवस पालटले. युद्ध व पुरवठा खात्यांच्या व्यवहारांत लाचलुचपत इतकी माजली की, तिच्या तपासासाठी १९४१ साली खास पोलीस यंत्रणा उभारावी लागली. १९४६ च्या कायद्याने ती कायम झाली आणि १ एप्रिल १९६३ रोजी तिच्यातूनच केंद्रीय अन्वेषण विभाग, म्हणजे आपल्या परिचयाची 'सीबीआय', जन्मास आली. युद्धकाळातील ठेक्यांनी भ्रष्टाचाराला मोठी संधी दिली, असा निष्कर्ष १९६४ साली अहवाल देणाऱ्या संथानम समितीनेही काढला.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलेल अशी आशा होती. परंतु काश्मीरचे पहिले युद्ध चालू असतानाच, १९४८ साली, जीप खरेदीचे प्रकरण घडले. लंडनमधील आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी सैन्यासाठी जुन्या, दुरुस्त केलेल्या जीप घेण्याचा करार केला. सुमारे ८० लाख रुपयांच्या या व्यवहारात नेहमीची रीत बाजूस ठेवली गेली आणि मालाची नीट तपासणी होण्यापूर्वीच मोठी रक्कम दिली गेली. हाती आल्या त्या १५५ जीप, आणि त्याही सैन्याच्या कामाच्या नव्हत्या. १ जानेवारी १९४९ रोजी युद्ध थांबले. ठरलेल्या सगळ्या जीप मात्र कधीच आल्या नाहीत. संसदेच्या लोकलेखा समितीने या व्यवहारावर कडक टीका केली. तरी ३० सप्टेंबर १९५५ रोजी सरकारने प्रकरण मिटल्याचे जाहीर केले, आणि पुढे १९५७ साली मेनन संरक्षणमंत्री झाले.

पन्नास वर्षांनी, १९९९ साली, कारगिलचे युद्ध झाले. त्या वेळच्या दोन हजार कोटींहून अधिक रुपयांच्या खरेदीवर महालेखापरीक्षकांचा अहवाल डिसेंबर २००१ मध्ये संसदेपुढे आला. घाईघाईने मागविलेला बराच माल युद्ध संपल्यावर पोहोचला, असे त्यात दिसले. सर्वांत गाजल्या त्या शवपेट्या. हुतात्म्यांचे देह सन्मानाने घरी नेण्यासाठी ५०० शवपेट्यांचा करार एका अमेरिकन कंपनीशी ऑगस्ट १९९९ मध्ये, म्हणजे लढाई थांबल्यावर, झाला. दर पेटीमागे २,५०० डॉलर. आलेल्या १५० पेट्या ठरल्यापेक्षा कितीतरी जड निघाल्या आणि वापरताच आल्या नाहीत.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. या खटल्यातील आरोपींना पुराव्याअभावी न्यायालयाने २०१३ साली दोषमुक्त केले. तेव्हा अपव्यय म्हणजे गुन्हाच, असे समजून कोणालाही चोर ठरविणे योग्य नव्हे. पण त्यातूनच हिशेबाचे महत्त्व कळते. कागद चोख असतील तर दोषी सापडतो आणि निर्दोष माणसाच्या अंगावरचा डागही लवकर पुसला जातो. कागदच धड नसतील तर दोघेही एकाच संशयाच्या अंधारात उभे राहतात.

हिशेब विचारल्याने युद्ध हरते काय? १९४१ साली अमेरिकेत सिनेटर हॅरी ट्रूमन यांच्या अध्यक्षतेखाली लष्करी ठेक्यांची चौकशी करणारी समिती नेमली गेली. ती महायुद्ध चालू असताना काम करीत होती आणि अमेरिका युद्ध जिंकली. इतके दूर तरी कशाला जावे? शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्धच आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणागोटा बेतानेच खर्च करा, तो उधळलात तर पुढे तुम्ही रयतेला उपद्रव द्याल, असा त्याचा आशय आहे. छावणीतील उधळपट्टीचे ओझे शेवटी कुणब्याच्या पाठीवर पडते, हे महाराज जाणत होते.

आम्हा नागपूरकरांना हा विषय परका नाही. अंबाझरी, भंडाऱ्याजवळचे जवाहरनगर, भद्रावती येथे आयुध निर्माण्या आहेत. पुलगावला दारूगोळ्याचे भांडार आहे. २०२१ साली देशातील आयुध निर्माण्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या, त्यांपैकी एकीचे मुख्यालय नागपुरातच आहे. आपल्या शेजारची माणसे जो माल घडवतात त्याच्या दर्जावर कुणाचा तरी जीव अवलंबून असतो.

१९६२ साली चीनचे आक्रमण झाले तेव्हा राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी देशभर लोकांनी सोने-चांदी दिली. माझी आजी सांगते की, भंडारा जिल्ह्यातील आमच्या गावी तिच्या सासूनेही हातातले चांदीचे गोट काढून दिले. त्या निरक्षर होत्या. त्या चांदीचे पुढे काय झाले हे त्यांनी विचारले नाही. विचारायचे असते हेही त्यांना ठाऊक नव्हते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. महालेखापरीक्षकांचा अहवाल हाती घेऊन शब्दकोशाच्या साहाय्याने का होईना, पण तो वाचू शकणाराही मीच पहिला.

म्हणून माझ्या मित्राला माझे उत्तर असे : जवान लढत असतो म्हणूनच हिशेब विचारायचा. न चालणाऱ्या जीपमध्ये त्यालाच बसावे लागते, आणि त्या जीपचे पैसे देणारी माणसे तुझ्या-माझ्या घरातलीच असतात.