नादारीचा अर्ज : केव्हां करावा व कोणत्या तयारीनें

बियाणें कोणतें घ्यावें, खत केव्हां घालावें, पीककर्ज कोठून काढावें, हे विषय शेतकीच्या मासिकांतून वारंवार येतात. घेतलेलें कर्ज फिटणें अशक्य झालें तर पुढें काय, हा विषय मात्र लिहिणारे टाळतात आणि वाचणारे पान उलटतात. त्याचें कारण उघड आहे. 'दिवाळें' हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरला जातो. तो ज्याला लागला त्याच्या मुलीचें लग्न जमणार नाहीं, त्याला पंगतींत कोणी मानानें बसविणार नाहीं, अशी भीति घराघरांत आहे. या भीतीमुळें जो निर्णय दोन वर्षें आधीं शांतपणें घ्यावयाचा, तो जप्तीचा बेलीफ दारांत उभा राहिल्यावर घाईनें घेतला जातो. किंवा घेतलाच जात नाहीं, आणि माणूस खचून जातो. म्हणून हा विषय या पाठांत उघडपणें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. पूर्वपीठिका

इ. स. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांकडील खतें व रोखे हिसकावून जाळले, आणि ते दंगे पुणें व अहमदनगर या जिल्ह्यांतून पसरले. सरकारनें चौकशी केली व १८७९ मध्यें दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या मदतीचा कायदा झाला. पैशाच्या हुकूमनाम्यापायीं शेतकऱ्याला तुरुंगांत टाकण्याची रीत त्या कायद्यानें बंद केली, आणि शेतकऱ्याच्या नादारीसाठीं त्यांत एक स्वतंत्र प्रकरण घातलें. पुढें १९३९ व १९४७ मध्यें मुंबई इलाख्यांत कर्जनिवारणाचे कायदे झाले. या सर्वांच्या मागें एकच तत्त्व होतें. प्रामाणिक ऋणकोस कोठें तरी शेवट दिसला पाहिजे. नाहीं तर तो शेती नीट करूं शकत नाहीं, आणि धनकोच्याही हातीं कांहीं पडत नाहीं.

आज महाराष्ट्रांत, बृहन्मुंबई वगळतां, सामान्य माणसाच्या नादारीस १९२० चा प्रांतिक नादारी कायदा लागू आहे. २०१६ मध्यें दिवाळखोरीची नवी संहिता झाली खरी. परंतु तिच्यांतील व्यक्तींसंबंधींचीं कलमें १ डिसेंबर २०१९ पासून अमलांत आलीं तीं कंपन्यांच्या कर्जास जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरतींच. शेतकऱ्यास अजून जुनाच कायदा पाहावा लागतो.

२. आधीं टांचण

अर्जाचा विचार करण्यापूर्वीं एक कागद घ्यावा व त्यावर सर्व कर्ज लिहून काढावें. आमच्या मतें सर्वांत कठीण काम हेंच आहे. वकील गांठणें त्या मानानें सोपें. पुष्कळ घरांत कर्जाचा एकूण आंकडा कर्त्या पुरुषासही ठाऊक नसतो, कारण बेरीज करण्याचें धैर्य त्यास होत नाहीं.

समजा, तीन एकर जिरायत कसणारा एक शेतकरी आहे. त्यास सोसायटीचें देणें १,५०,००० रुपये, कृषिसेवा केंद्राचें ८०,०००, सावकाराचें दरमहा शेंकडा तीन व्याजानें २,००,०००, आणि सोयऱ्याकडून हातउसने ७०,०००. एकूण ५,००,००० रुपये. साधारण बऱ्या वर्षीं लागवडीचा व घराचा खर्च जाऊन त्याच्या हातीं ३०,००० रुपये उरतात. सावकाराचें एका वर्षाचें व्याजच ७२,००० होतें. उरलेला सगळा पैसा सावकारास दिला व इतरांस एक छदामही दिला नाहीं, तरी वर्षाअखेर सावकाराचें देणें ४२,००० रुपयांनीं वाढलेलें असणार. येथें पुढील वर्षीं चांगलें पीक येईल ही आशा उपयोगाची नाहीं, कारण एका चांगल्या पिकानें ही दरी बुजत नाहीं.

यावरून कसोटी अशी निघते : सरासरी वर्षाच्या शिलकेंतून सर्व व्याज भागून मुद्दलापैकीं कांहीं फिटत असेल, तर ती अडचण आहे, नादारी नव्हे, तिला हप्ते बांधून घेणें हा उपाय. व्याजही भागत नसेल, तर ती नादारीच आहे. न्यायालयानें ती अजून जाहीर केलेली नाहीं, एवढाच फरक.

३. अर्जापूर्वींचे उपाय

नादारी हें शेवटचें दार आहे. त्यापूर्वीं तीन दारें ठोठावून पाहावीं.

पहिलें, सोसायटीचें. अवर्षण, गारपीट वगैरे कारणांनीं पीक बुडालें असेल, तर थकलेल्या पीककर्जाचे लांब मुदतीचे हप्ते बांधून मिळण्याची सोय आहे. गटसचिवास भेटून लेखी अर्ज द्यावा व पोंच घ्यावी.

दुसरें, सहकार खात्याचें. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यानें सावकारास परवाना आवश्यक आहे व व्याजाचे दर सरकार ठरवून देतें. वरील उदाहरणांतील दर त्याहून पुष्कळ अधिक आहे. सावकारानें कर्जापोटीं जमिनीचें खरेदीखत लिहून घेतलें असेल, तर त्याच्या चौकशीसाठीं जिल्हा निबंधकाकडे अर्ज करतां येतो. व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करूं नये, हा दामदुपटीचा जुना नियमही ध्यानांत असावा. कित्येकदां या एकाच उपायानें टांचणांतील मोठी रक्कम निम्म्यावर येते.

तिसरें, धनकोंचें. सर्वांस एकत्र बसवून तें टांचण पुढें ठेवावें. रुपयांतील किती आणे खरोखर देतां येतील तें स्पष्ट सांगावें. न्यायालयांत गेल्यास आपल्या हातीं काय पडेल, याचा हिशेब धनकोसही कळतो.

४. कायदा काय देतो

हीं तिन्ही दारें बंद आढळलीं, तर अर्ज करावा. देणें किमान ५०० रुपये असेल, किंवा हुकूमनाम्यापायीं अटक अथवा जप्ती चालू असेल, आणि तें फेडण्याची ऐपत नसेल, तर ऋणकोस स्वतः अर्ज करतां येतो. अर्ज जिल्हा न्यायालयांत, किंवा तसा अधिकार दिलेल्या त्याखालील न्यायालयांत द्यावयाचा. त्यांत प्रत्येक धनकोचें नांव, ठिकाण व रक्कम, तसेंच आपली सर्व मालमत्ता, तिची किंमत व ती कोठें आहे, हें लिहावें लागतें. टांचण आधींच झालेलें असेल, तर हें काम सोपें जातें.

न्यायालयानें नादार ठरविल्यावर कोणताही साधा धनको न्यायालयाच्या परवानगीवांचून नवा दावा लावूं शकत नाहीं. मालमत्ता न्यायालयाकडे किंवा त्यानें नेमलेल्या रिसीव्हराकडे जाते, व तिच्या विक्रीचा पैसा धनकोंत वांटला जातो. मात्र दिवाणी कायद्यानें जप्तींतून वगळलेल्या वस्तु नादारींतही जात नाहींत. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाचीं भांडीं व अंथरूण-पांघरूण, शेतकऱ्याचीं औतें, उपजीविकेस अवश्य अशीं गुरें व बियाणें, न्यायालय ठरवील तितकीं, आणि स्वतः जमीन कसणारा शेतकरी ज्यांत राहतो तें घर. हें घर गहाण टाकलेलें नसेल, तर तें सुटतें. 'घरादारावर नांगर फिरेल' अशी धास्ती बाळगणाऱ्यांनीं हें पुनःपुन्हा वाचावें.

शेवटीं मुक्ततेचा अर्ज करावयाचा असतो. तो ठरलेल्या मुदतींत केला नाहीं, तर नादारीचा हुकूमच रद्द होऊं शकतो. पुष्कळ जण येथेंच चुकतात. मालमत्तेंतून रुपयास आठ आणेही निघत नसतील, तर पूर्ण मुक्तता मिळण्यास अडचण येते. परंतु ही तूट आपल्या दोषावांचून आली, असें न्यायालयास पटवितां आलें तर ती अडचण दूर होते. म्हणून पीक बुडाल्याचे पंचनामे, आणेवारीचे जाहीरनामे, दवाखान्याचीं बिलें, बियाण्यांच्या पावत्या, हे सर्व कागद जपून ठेवावे. आज ते रद्दी वाटतात. त्या दिवशीं तेच आपले साक्षीदार असतात.

५. कायदा काय देत नाहीं

हें तितकेंच स्पष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे. जमीन राहत्या घराप्रमाणें सुटत नाहीं; नादारी म्हणजे बहुधा जमीन जाणें. ज्या धनकोकडे जमीन गहाण आहे किंवा ज्या सोसायटीचा बोजा सात-बारावर चढला आहे, तिचा हक्क नादारीनें नष्ट होत नाहीं. सरकारचें देणें, लबाडीनें काढलेलें कर्ज व पोटगीचा हुकूम यांतून मुक्तता मिळत नाहीं. मुक्ततेपूर्वीं नव्यानें मिळविलेली मालमत्ताही रिसीव्हराकडे जाते. मुक्तता होईपर्यंत ग्रामपंचायतीच्या निवडणुकीस उभें राहतां येत नाहीं, आणि आपण नादार आहों हें न सांगतां पन्नास रुपये किंवा अधिक उधार घेणें हा गुन्हा आहे.

सर्वांत जड गोष्ट जामीनदाराची. ऋणको मुक्त झाला तरी त्याचा जामीनदार मुक्त होत नाहीं. ज्या मेहुण्यानें किंवा शेजाऱ्यानें विश्वासानें सही केली, त्याच्या दारीं धनको दुसऱ्या दिवशीं जाणार. म्हणून अर्जापूर्वीं त्यास स्वतः भेटून सांगावें. त्यास ही बातमी नोटिशीवरून कळूं देणें हें कर्ज बुडविण्याहून वाईट, असें आम्ही समजतों.

आणखी एक गोष्ट. एकदां दिलेला अर्ज न्यायालयाच्या परवानगीवांचून मागें घेतां येत नाहीं. म्हणून 'देऊन तर पाहूं' अशा वृत्तीनें तो देऊं नये.

६. घाईंत होणाऱ्या चुका

भल्या माणसांच्या हातूनही या वेळीं तीन चुका होतात. पहिली, जमीन भावाच्या किंवा सासऱ्याच्या नांवें करून टाकणें. अर्जापूर्वींच्या दोन वर्षांतील, रास्त मोबदल्यावांचून केलेलीं अशीं हस्तांतरें न्यायालय रद्द करूं शकतें. शिवाय मालमत्ता लपविणाऱ्यास तुरुंगवास होऊं शकतो. दुसरी, ज्याची भीड अधिक त्यालाच शेवटचा पैसा देऊन टाकणें. अर्जाच्या आधींच्या तीन महिन्यांत एकास झुकतें माप देण्यासाठीं दिलेला पैसा परत मागविला जातो, व तो घेणारा विनाकारण कचेरींत ओढला जातो. तिसरी, जुनें फेडण्यासाठीं नवें कर्ज काढणें. मंगळसूत्र गहाण टाकून सावकाराचें एका महिन्याचें व्याज भरल्यानें कांहीं वांचत नाहीं. पत्नीनें स्वतः सही केलेली नसेल, तर तिचें स्त्रीधन पतीच्या कर्जास बांधलेलें नाहीं. तें तसेंच राहूं द्यावें.

७. घर व मन

हा निर्णय एकट्यानें घेऊं नये. घरधनीण, कळत्या वयाचीं मुलें व वडील माणसें यांस एका संध्याकाळीं बसवून टांचण वाचून दाखवावें. जमीन वडिलार्जित व सामाईक असेल, तर मुलांच्या व मुलींच्या हिश्शाचा प्रश्न वकिलाकडून आधीं नीट समजून घ्यावा. वकिलाची फी परवडत नसेल, तर तालुका विधि सेवा समितीकडे अर्ज करावा. स्त्रियांस, अनुसूचित जाति-जमातींस व अल्प उत्पन्नाच्या लोकांस तेथें मोफत साहाय्य मिळतें.

'मी गेलों म्हणजे कर्जही जाईल' असें ज्याच्या मनांत येत असेल, त्यास आम्ही सांगतों कीं हा हिशेबच खोटा आहे. कर्ज मागें राहिलेल्या जमिनीवर राहतेंच. नाहींसा होतो तो फक्त तें निस्तरूं शकणारा माणूस. उलट पक्षीं, मुलांनींही जाणावें कीं वारस हा वारशानें मिळालेल्या संपत्तीपुरताच जबाबदार असतो, आणि केवळ पुत्रधर्म म्हणून बापाचें कर्ज मुलाकडून वसूल करण्याचा जुना हक्क, नव्या कर्जांपुरता, २००५ च्या हिंदु वारसा दुरुस्तीनें संपला आहे. मन फार अंधारलें तर घरांत कोणापाशीं तरी बोलावें. तें जड वाटलें तर १४४१६ या क्रमांकावर सरकारची 'टेलि-मानस' सेवा रात्रंदिवस विनामूल्य मिळते, आणि तेथें मराठींत बोलतां येतें.

लोक काय म्हणतील, हा प्रश्न उरतोच. चार दिवस म्हणतील. परंतु ज्यानें हिशेब लपविला नाहीं, जामीनदारास आधीं सांगितलें, आणि जें होतें तें सर्वांपुढें ठेवलें, त्याची पत पूर्ण बुडत नाहीं. शेतकऱ्याची खरी पत त्याच्या शब्दांत आहे. ती कोणताही रिसीव्हर जप्त करीत नाहीं. पुढल्या मृगाला त्याच्यापाशीं औत असेल, राहतें घर असेल, आणि दुसऱ्याची जमीन वांट्यानें कसण्याजोगे हात असतील. तेवढ्यावर संसार पुन्हा उभा राहतो.

उजळणी

(१) आपल्या सर्व देण्यांची बेरीज किती? (२) सरासरी वर्षाची शिल्लक व एका वर्षाचें व्याज यांत मोठें कोणतें? (३) कोणतें कर्ज गहाणाचें किंवा बोजाचें, व कोणतें साधें? (४) आपला जामीनदार कोण, व त्यास आपण काय सांगितलें आहे? (५) पीक बुडाल्याचे कोणते कागद आपल्यापाशीं आहेत?

या पांच प्रश्नांचीं उत्तरें ज्याच्यापाशीं लिहून तयार आहेत, त्यानें अर्ज केला काय किंवा न केला काय, तो विचारानें वागला असें आम्ही म्हणूं.