पडद्याची मोटर आणि तुझा पहिला रिपोर्ट

चि. सायली,


तुझं पत्र काल मिळालं. तू तपासत असलेला पेटंटचा अर्ज प्रसिद्ध झालेला असूनही अर्जदाराचं नाव किंवा अर्ज क्रमांक तू लिहिला नाहीस, हे फार बरं केलंस. घरच्या माणसांशीही असंच वागायचं. पण पत्रातलं एक वाक्य मनाला लागलं, म्हणून लगेच लिहायला बसलो. “मामा, यात नवीन ते काय? मोटर, पट्टा, रूळ, क्लच, सगळं बाजारात मिळतं,” असं तू लिहिलंयस. अगं, यंत्रांमधला जवळजवळ प्रत्येक शोध बाजारात मिळणाऱ्या भागांचाच बनलेला असतो. सुटे भाग नवे आहेत का, हे कायदा तुला विचारतच नाही.

तू पेटंट कायद्याचं कलम ३(एफ) लावायच्या विचारात दिसतेस. ते कलम शेवटपर्यंत वाच. माहीत असलेल्या साधनांची नुसती मांडणी, फेरमांडणी किंवा पुनरावृत्ती म्हणजे शोध नव्हे, इथपर्यंत सगळे वाचतात. अट त्याच्या पुढे आहे. ती साधनं एकमेकांवर अवलंबून न राहता, आपापल्या ठरलेल्या रीतीने काम करत असली पाहिजेत. आता तुझ्या अर्जातलं यंत्र डोळ्यांसमोर आण. मोटरचा वेग कमी करायला वर्म गिअर आहे. त्यामुळे पडदा थांबवला तिथेच राहतो, पण पडदा हाताने ओढला तर तो गिअर उलटा फिरत नाही. आजीने सवयीने पडदा खसकन ओढला, की पट्ट्याचे दात पुलीवरून उडी मारतात. म्हणून गिअर आणि पुली यांच्यामध्ये क्लच आला. क्लच आल्यावर नवीच अडचण उभी राहिली. पडदा कुठवर सरकलाय हे मोजणारा सेन्सर मोटरच्या शाफ्टवर असेल, तर हाताने ओढलेलं अंतर त्याच्या हिशेबात येतच नाही. पुढच्या वेळी बटण दाबलं की मोटर जुन्याच मोजणीने चालते आणि पडदा टोकाला जाऊन आदळतो. अर्जदाराने सेन्सर क्लचच्या पलीकडे, पुलीच्या बाजूला नेलाय. त्यामुळे मोजणी चुकत नाही, शिवाय हलका हिसका बसला तरी तो ओळखून मोटर आपणहून सुरू होते. इथे क्लचमुळे सेन्सरची जागा बदलली आणि सेन्सरमुळे क्लचचा खरा उपयोग झाला. हे भाग स्वतंत्रपणे काम करतात असं कसं म्हणशील? ३(एफ) इथे टिकणार नाही.

म्हणून पेटंट द्यावंच, असं मात्र मी म्हणत नाही. उलट मला एक शंका येते आणि ती तू विचारायला हवीस. वीजच गेली, तर सेन्सर मोजणार कशाच्या जोरावर? आत बॅटरी आहे, की वीज परत आल्यावर पडदा एकदा टोकापर्यंत नेऊन शून्य नव्याने ठरवलं जातं? वर्णनात याचं उत्तर शोध. ‘वीज नसतानाही मोजणी अचूक राहते’ असा दावा असेल आणि ते कसं घडतं हे सांगितलं नसेल, तर कलम १०(४) खाली नेमका आक्षेप घे.

सर्चच्या वेळी पेटंट वर्गीकरणातल्या फक्त ए४७एच ५/०२ मध्ये अडकून पडू नकोस. पडदे उघडण्या-मिटण्याची साधनं तिथे सापडतील, पण क्लचसाठी एफ१६डी पाहा, गुंडाळून वर जाणाऱ्या पडद्यांसाठी ई०६बी ९ पाहा. चीनमधली युटिलिटी मॉडेल्स या विषयात भरपूर आहेत. यंत्राने केलेलं भाषांतर गोंधळात टाकतं, तेव्हा आधी आकृत्या बघ. सेन्सर क्लचच्या कोणत्या बाजूला आहे हे आकृतीत लगेच कळतं. आणि कॅटलॉग किंवा व्हिडिओ सापडला, तर तो अर्जाच्या प्राधान्य तारखेआधीचा आहे याची खात्री झाल्याशिवाय त्याचा हवाला देऊ नकोस.

समज, एका दस्तऐवजात क्लच मिळाला आणि दुसऱ्यात पुलीच्या बाजूचा सेन्सर. नवखा परीक्षक दोन्ही जोडतो आणि ‘उघड आहे’ असं लिहून मोकळा होतो. तू स्वतःला विचार, हे दोन जोडावेत असं सुचलं कुठून? त्या दस्तऐवजांतून, की अर्जदाराचा अर्ज आधी वाचला म्हणून? उत्तर माहीत झाल्यावर कोडं सोपंच वाटतं. जोडण्याचं कारण त्या कागदांत किंवा त्या क्षेत्रातल्या माणसाच्या सर्वसाधारण ज्ञानात दाखवता आलं तरच आक्षेप लिही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अ‍ॅग्रीबोर्ड प्रकरणात हेच बजावलं. आधीच्या दस्तऐवजात काय आहे, अर्जात काय आहे आणि एकावरून दुसरं कसं उघड ठरतं, हे तिन्ही सांगितल्याशिवाय या मुद्द्यावर अर्ज नाकारता येत नाही.

दुसरी बाजूही ध्यानात असू दे. मिर्झापूरच्या भांडी कारखानदारांचा खटला तू अभ्यासला असशील, बिश्वनाथ प्रसाद विरुद्ध हिंदुस्तान मेटल, १९७८ चा. लेथवर भांडं उडून जाऊ नये म्हणून केलेल्या सुधारणेचं ते पेटंट सर्वोच्च न्यायालयात टिकलं नाही. सुधारणा उपयोगी होती, पण नुसत्या कारखान्यातल्या सुधारणेपेक्षा अधिक काही असावं लागतं, असं न्यायालयाने म्हटलं. सेन्सरची जागा बदलणं या रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे सर्च पुरा झाल्यावरच ठरेल. अर्जाच्या साधेपणावरून नाही ठरणार.

शेवटी क्लेम १. तू उतरवून पाठवलेल्या मजकुरात ‘ड्राइव्हवर बसवलेला सेन्सर’ एवढंच आहे, कोणत्या बाजूला ते नाही. असा क्लेम शाफ्टवरच्या जुन्या सेन्सरलाही कवेत घेतो, म्हणून नावीन्याचा आक्षेप येणारच आणि यायलाच हवा. पण तो मोघम लिहू नकोस. कोणत्या दस्तऐवजाच्या कोणत्या आकृतीत तो सेन्सर आहे, हे स्पष्ट लिही. पुलीच्या बाजूची जागा मूळ वर्णनात दिलेली आहे. कलम ५९ प्रमाणे अर्जदार क्लेम तेवढा आवळून घेऊ शकतो. एकटा माणूस अर्जाचे १६०० आणि तपासणीच्या विनंतीचे ४००० रुपये भरून येतो. एफईआर, म्हणजे पहिला तपासणी अहवाल, मिळाल्यावर उत्तराला त्याच्याकडे सहा महिने असतात, मुदतवाढही मागता येते. त्या मुदतीत उत्तर गेलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. तुझा आक्षेप वाचून नेमकं काय दुरुस्त करायचं हे त्याला कळलं पाहिजे. रिपोर्ट कंट्रोलरकडे जाण्याआधी तो परिच्छेद पुन्हा एकदा लिहून काढ.

तुझा,
मामा