मूत्राशयातील औषधोपचार : लाभ आणि दक्षता

लघवीतून वेदनेविना रक्त जाणे हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे नेहमीचे पहिले लक्षण होय. धूम्रपान हे या रोगाचे प्रमुख कारण आहे. निदानाच्या वेळी सुमारे तीनचतुर्थांश रुग्णांमध्ये गाठ आतील थरांपुरती मर्यादित असते. स्नायूपर्यंत पोचलेली नसते. अशी गाठ पोटावर छेद न घेता मूत्रमार्गातून दुर्बीण घालून काढता येते. तथापि ती पुन्हा उद्भवण्याचा संभव मोठा असतो. शस्त्रक्रियेत सुटलेल्या पेशी मूत्राशयात तरंगत राहून जखमेवर पुन्हा रुजतात, हे त्याचे एक कारण मानले जाते.

या पेशी रुजण्यापूर्वीच नष्ट व्हाव्यात यासाठी शस्त्रक्रियेनंतर चोवीस तासांच्या आत, शक्यतो पहिल्या काही तासांतच, मायटोमायसिन, एपिरुबिसिन किंवा जेमसिटाबिन यांपैकी एक औषध कॅथेटरद्वारे मूत्राशयात सोडतात आणि एक-दोन तासांनी बाहेर काढतात. अमेरिकेत ४०६ रुग्णांवर झालेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जेमसिटाबिन दिलेल्यांपैकी ३५ टक्के, तर केवळ मिठाचे पाणी दिलेल्यांपैकी ४७ टक्के रुग्णांत चार वर्षांत गाठ पुन्हा आढळली. जिवावर बेतणारा दुष्परिणाम कोणत्याही गटात झाला नाही.

औषध रक्तात किती मिसळते?

मूत्राशयाचे अस्तर औषध सहसा आत झिरपू देत नाही. पूर्वी वापरात असलेल्या थायोटेपाचा रेणू लहान असल्याने ते रक्तात उतरे व रक्तपेशींची संख्या घटे. मायटोमायसिनचा रेणू मोठा आहे; ते फारच थोडे शोषले जाते. म्हणून शिरेतून दिलेल्या औषधांप्रमाणे केस गळणे, उलट्या होणे हे प्रकार येथे क्वचितच दिसतात. लघवीची जळजळ, वारंवार लघवीस लागणे हे त्रास मात्र होतात. मायटोमायसिनमुळे काहींच्या तळहातांवर पुरळ उठते.

औषध केव्हा टाळावे?

ही सुरक्षितता मूत्राशयाची भिंत अखंड असण्यावर अवलंबून आहे. शस्त्रक्रियेत भिंतीस छिद्र पडले असेल, किंवा तशी शंका असेल, तर औषध देऊ नये. ते बाहेर झिरपल्यास आसपासच्या ऊती जळतात, आणि क्वचित प्राणही धोक्यात येतात. रक्तस्राव जास्त असून मूत्राशय सतत धुवावे लागत असेल, तरीही औषध टाळतात. अशा वेळी औषध न देणे ही हयगय नसून दक्षताच होय, हे नातेवाइकांनी समजून घ्यावे. काही रुग्णांना बीसीजी याच मार्गाने देतात. परंतु त्यात जिवंत जंतू असल्याने शस्त्रक्रियेनंतर निदान दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात.

घरी घ्यावयाची काळजी

काही रुग्णांना पुढे दर आठवड्यास औषध देतात आणि ते त्याच दिवशी घरी परततात. पहिले सहा तास लघवीत औषधाचा अंश असतो. या काळात पुरुषांनीही बसून लघवी करावी, शिंतोडे उडू देऊ नयेत, शौचकूपात भरपूर पाणी ओतावे आणि हात व गुप्तांग साबणाने धुवावेत. लघवी लागलेले कपडे हातमोजे घालून वेगळे धुवावेत. गरोदर स्त्रियांनी हे काम करू नये. ताप, पोटात तीव्र वेदना, लघवी अडणे किंवा रक्ताच्या गुठळ्या पडणे यांपैकी काहीही आढळल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे.

बरे वाटू लागले की तपासणी टाळण्याकडे कल होतो. औषधाने गाठ परतण्याचा संभव कमी होतो, नाहीसा होत नाही. म्हणून तीन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी अत्यावश्यक आहे. लघवीतून एकदा रक्त जाऊन आपोआप थांबले, तरी रोग गेला असे समजू नये, ही गोष्ट गावोगावचे शिक्षक व पंचायत सदस्य लोकांना पटवून देऊ शकतील. रोग आतील थरात असतानाच रुग्ण डॉक्टरांपर्यंत पोचला, तर मूत्राशय वाचवता येण्याची आशा मोठी असते.