नाबोथाच्या बाजूचा वकील



या पाठासाठी १ राजे, अध्याय २१ वाचावा. अहाब राजाने नाबोथाला द्राक्षमळ्याच्या बदल्यात दुसरा मळा किंवा पैसे देऊ केले. वडिलोपार्जित वतन म्हणून नाबोथाने नकार दिला. मग खोटे साक्षीदार उभे राहिले आणि नाबोथाचा जीव गेला. त्या सभेत वडीलजन होते, सरदार होते. नाबोथाची बाजू मांडणारा मात्र कोणी नव्हता.

सार्वजनिक कामासाठी जमीन घेण्याचा अधिकार आजही सरकारला आहे. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर मालमत्ता हा मूलभूत हक्क राहिला नाही. तरी कलम ३००-अ प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय ती कोणाकडूनही घेता येत नाही. त्या कायद्याचा शब्दन् शब्द पाहणारा तो भूसंपादनाचा वकील.

आपल्या राज्यात असे एक नाव म्हणजे उरण तालुक्यातील जासईचे दि. बा. पाटील (१९२६–२०१३). शेतकऱ्याच्या घरातले दि. बा. वकील झाले आणि १९५७ साली पनवेलचे आमदार. १९७० मध्ये नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले, तेव्हा ते भूमिपुत्रांच्या बाजूने उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये आंदोलकांवर गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला देण्याचे धोरण आले. नुसत्या रोख मोबदल्यावर न थांबता वाढत्या शहरात शेतकऱ्याचा वाटा मागणे, ही त्या लढ्याची मोठी शिकवण.

असा वकील न्यायालयात जितका बोलतो, त्याहून अधिक कागद वाचतो. सातबारा, फेरफार, वारसनोंद, संयुक्त मोजणीचा नकाशा, शेजारच्या जमिनींची खरेदीखते, विहीर, झाडे, जिराईत की बागायत. एक नोंद चुकली तरी मोबदला घटतो.

आमच्या निमोणे परिसरातून रांजणगावची औद्योगिक वसाहत फार लांब नाही. ज्याच्या नावावर सातबारा आहे, त्याला निदान नोटीस तरी येते. पण मी ज्या वस्त्यांवर जातो, तिथल्या ठाकर, भिल्ल, पारधी कुटुंबांपैकी अनेकांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. शेत गेले की त्यांची मजुरीही जाते. २०१३ चा भूसंपादन कायदा अशा कुटुंबालाही पाहतो: आधीची तीन वर्षे त्याच जागेवर मुख्य उपजीविका असेल, तर ते ‘बाधित कुटुंब’ ठरते. मात्र पुरावा लागतो.

म्हणून पुढील गोष्टी वस्तीवर समजावून सांगाव्यात:

१. प्राथमिक अधिसूचनेनंतर ६० दिवसांत लेखी हरकत देता येते. औद्योगिक वसाहत व राष्ट्रीय महामार्ग यांचे कायदे वेगळे आहेत. त्यांची मुदत नोटिशीवरूनच पाहावी.

२. रक्कम घेताना ‘हरकत राखून स्वीकारली’ असे लिहावे. तसे न लिहिल्यास वाढीव मोबदल्याची मागणी करता येत नाही.

३. निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याला वाढीव मागणीसाठी ६ आठवडेच मिळतात.

४. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीने घेण्यास जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते.

५. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो.

मंडळीत चर्चेसाठी प्रश्न:

• नाबोथाच्या गावचे वडीलजन गप्प का राहिले असतील?
• आपल्या गावात नोटीस आली, तर ती वाचून दाखवणारा कोण आहे?
• आपल्या मंडळीत कायदा शिकणारी मुले-मुली आहेत का? महिन्यातून एक दिवस ती वस्तीवर बसू शकतील का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर आम्हाला जरूर कळवा. पेटीत घडी घालून ठेवलेला कागद मुदतीच्या आत कोणीतरी उघडून वाचला पाहिजे.