आधी नाडी, मग बीपी

घोडं पाळणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. आजारी घोड्याचं बीपी ‘नॉर्मल’ आलं म्हणून निर्धास्त राहू नका. आमच्या भावकीतली एक गुणी घोडी त्या एका शब्दापायी गेली.

आमचं घाटघर जीवधनच्या पायथ्याशी, नाणेघाटाच्या तोंडावर. जुन्नर इथून तीसेक किलोमीटर, पण श्रावणातल्या धुक्यापावसात तेवढंही जाता जात नाही. घोडी बैलगाड्यापुढे पळणारी होती. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींना परवानगी दिली आणि जुन्नर-आंबेगावात बाऱ्या पुन्हा सुरू झाल्या, तेव्हापासून घरानं तिच्यावर जीव लावला होता. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी तिनं चंदीला तोंड लावलं नाही. पुढच्या पायानं जमीन उकरायची, वळून वळून कुशीकडे बघायची, बसायची की लगेच उठायची. पोटशूळ आहे हे जाणत्यांनी ओळखलं. पण घरात म्हाताऱ्या माणसासाठी आणलेलं बीपीचं मशीन होतं. एका पाहुण्यानं हौसेनं त्याचा पट्टा तिच्या शेपटीला गुंडाळला. दोनदा ‘एरर’ आला, तिसऱ्यांदा आकडा उमटला, माणसाचा असावा तसा. “बीपी नॉर्मल आहे, सकाळी बघू,” असं ठरलं. सकाळी डॉक्टर पोचले तेव्हा हिरड्या जांभळ्या पडल्या होत्या, कान गार. त्यांनी शर्थ केली, पण दुपारी घोडी गेली.

असं का झालं, हे त्याच डॉक्टरांनी समजावलं. आतडं पिळलं किंवा अडलं की अंगातलं पाणी आतड्यात साठतं आणि नसांमधलं रक्त कमी पडतं. शरीर मग दाब टिकवायला धडपडतं. हृदय वेगानं पळतं, कान, पाय आणि कातडीकडच्या नसा आवळल्या जातात. वेदनेमुळेही दाब चढतो. म्हणून आकडा बराच वेळ चांगला दिसतो. तो पडतो सगळ्यात शेवटी, आणि तोवर हातातली वेळ गेलेली असते. नाडी आणि हिरड्या मात्र खूप आधी बोलू लागतात.

वेदनेनं आकडा फुगतो याचा दाखला रक्तदाबाच्या अगदी सुरुवातीच्या मोजण्यांत सापडतो, आणि तोही घोडीचाच. स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्यानं एका घोडीला उताणी बांधलं आणि तिच्या मांडीतल्या धमनीत पितळी नळी घालून वर काचेची लांब नळी जोडली. रक्त हृदयाच्या पातळीपासून 8 फूट 3 इंच वर चढलं. 1733 साली त्यानं हे ग्रंथात छापलं. आजच्या मापात हा दाब पाऱ्याच्या 190 मिलिमीटरांच्या आसपास भरतो. निवांत उभ्या घोड्याचा वरचा दाब शेपटीवर साधारण 110 ते 120 येतो. बांधलेल्या, घाबरलेल्या जनावराचा आकडा किती चढतो, हे त्या मोजणीत दिसतं.

मोजायचंच असेल तर ते जनावरांच्या डॉक्टरांकडून, जनावरांसाठीच्या मशीनवर. पट्टा शेपटीच्या बुडाशी, खालच्या अंगाच्या धमनीवर बसला पाहिजे. त्यातल्या फुगणाऱ्या पिशवीची रुंदी शेपटीच्या घेराच्या 40 टक्क्यांच्या आसपास असावी. अरुंद पट्टा दाब वाढवून सांगतो, रुंद पट्टा कमी करून. शेपटीचं बूड हृदयाच्या वर असतं आणि दर 10 सेंटिमीटर उंचीला आकडा सुमारे साडेसातनं कमी दिसतो. हा फरक मिळवावा लागतो. घोडीनं मान खाली घातली किंवा वर उचलली तरी आकडा हलतो, म्हणून मान एकाच जागी हवी. पहिला आकडा सोडून द्यायचा, पुढच्या चार-पाचांची सरासरी धरायची. तंदुरुस्त घोड्याचाही विश्रांतीत अधूनमधून एखादा ठोका गळतो. माणसाच्या मशीनला ही चाल कळत नाही. ते अडतं, नाहीतर चुकीचं सांगतं.

दाबाच्या आकड्यावर खरी मदार असते ती घोडा भूल देऊन आडवा पाडलेला असतो तेव्हा. सरासरी दाब 70 च्या खाली रेंगाळला तर अंगाखाली दबलेल्या स्नायूंना रक्त पुरत नाही, आणि शस्त्रक्रिया नीट होऊनही घोडा उठताना कोसळतो. म्हणून घोड्याला भूल द्यायची वेळ आली तर दाब कोण बघणार आणि कशानं, हे आधी विचारा. विचारण्यात संकोच नको.

घरच्या घरी मात्र आपली बोटंच उपयोगी. खालच्या जबड्याच्या कडेवरून एक धमनी जाते, दोरीसारखी बोटाखाली सरकते. अंगठा न लावता दोन बोटांनी ती हलकेच दाबा आणि घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजा. निवांत मोठ्या घोड्याची नाडी 28 ते 44. पोट दुखत असताना ती 60 च्या वर राहिली तर रात्र असो वा पाऊस, डॉक्टरांना लगेच कळवा. मग ओठ उचलून हिरडीवर बोट दाबा आणि सोडा. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. वेळ लागला, किंवा हिरड्या विटकरी लाल, जांभळ्या दिसल्या तर धोका आहे. कान आणि पाय गार लागतात का, लीद पडली का, तेही बघा. फोनवर डॉक्टरांना हेच आधी सांगा.

डॉक्टर येईपर्यंत दाणा-वैरण काढून घ्या. नळीनं तेल किंवा काढा पाजू नका, तो फुप्फुसात उतरू शकतो. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटात भर घालणं घातकच. शांत करायचं इंजेक्शन आपल्या मनानं देऊ नका. ॲसिप्रोमॅझीनसारखं औषध नसा सैल करून दाब पाडतं, आणि आधीच रक्त कमी पडलेल्या घोड्याला तेवढं निमित्त पुरतं.

आणि हे सगळं शिकायचं ते घोडी धडधाकट असताना. आठवड्यातून एकदा, चंदी देण्याआधी, तिची नाडी आणि हिरडी बघा आणि तारीख घालून वहीत लिहा. पोराबाळांनाही बोट ठेवायला शिकवा. आपल्या घोडीचं नेहमीचं माप ठाऊक असलं तर बिघडलेलं माप पहिल्या तासातच ध्यानात येतं, आणि शूळात घोडं वाचतं ते बहुतेक वेळा त्या पहिल्या तासांतच.